मागची चाळ आणि आपली इमारत

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो "आपल्या परिसराचा इतिहास". सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही सगळ्यात जुने. गिरण्या, गणपती, जुनी माणसं, असं छान काहीतरी लिहा." मी हो म्हटलं. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर सारखी मागची चाळ यायला लागली. त्यामुळे गिरण्यांपासून सुरुवात करीन, पण शेवटी मागच्या चाळीवरच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात आपली खास सभा झाली ती सगळ्यांना आठवत असेल. मागच्या दोन चाळी पाडून तिथे ४४ मजली टॉवर उभा करायचा प्रस्ताव आलाय. आपल्या सभेत जवळजवळ एकमुखाने ठरलं की हरकतीचं पत्र द्यायचं. उजेड जाणार, वारा जाणार, पाणी कमी होणार, गल्लीत गाड्यांची गर्दी होणार. पत्रावर पहिल्या पाच सह्यांमध्ये माझी सही आहे. ते नाकारत नाही. त्या सहीनंतर जे घडलं ते लेखाच्या शेवटी सांगतो.

गिरणी आधी, घर नंतर

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ सालची आणि गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळ-लालबाग-वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. गिरणी उभारणाऱ्याने सूत कुठून येणार, कोळसा कुठून येणार याचा विचार केला. माणूस रात्री झोपणार कुठे, याचा विचार फारसा कुणी केला नाही. कोकणातून, घाटावरून माणसं आली. मिळेल तिथे, मिळेल त्या खोलीत दाटीवाटीने राहिली. आमच्या गावची एक खोली होती. दहा बाय बारा. तिच्यात सतरा जण राहायचे. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची, म्हणून एका वळकटीवर दोघं झोपू शकायचे. माझे वडील लग्नाआधी सहा वर्षं तिथे राहिले. जेवण खाणावळीत.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि सरकारला पहिल्यांदा गरिबाच्या घराकडे बघावं लागलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रुंद रस्ते केले, कोंदट वस्त्या पाडल्या आणि बी.आय.टी. चाळी बांधल्या. पण पहिल्या वीस वर्षांचा हिशेब केला तर जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या चाळींत घुसले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. मुंबईतल्या पुनर्विकासाचा हा पहिला धडा. तो आजही जुना झालेला नाही.

सरकारने बांधलेल्या चाळी

दुसरा मोठा प्रयोग बी.डी.डी. चाळींचा. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बॅकबेचा समुद्र बुजवायचं कामही याच खात्याकडे. ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्याला आपण ना. म. जोशी मार्ग म्हणतो त्या डिलाईल रोडवर मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, एका चाळीत ८०. खोली १६० चौरस फूट. संडास आणि नळ सामाईक.

गंमत म्हणजे खोल्यांची एवढी टंचाई असतानाही या चाळी सुरुवातीला भरल्या नाहीत. भाडं कामगाराला झेपेना आणि वरळी तेव्हा लांब वाटायची. कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळी तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता. वरून आखलेलं घर आणि राहणाऱ्याची ऐपत यांचा मेळ बसला नाही की काय होतं, याचं हे उदाहरण. पुढे मात्र त्याच चाळी माणसांनी गजबजल्या. तिथे कामगार चळवळ वाढली, दलित चळवळ वाढली, व्यायामशाळा, भजनी मंडळं, कबड्डीचे संघ झाले. त्यात सरकारचा वाटा भिंतींपुरता. बाकीचं सगळं माणसांनी केलं.

आता त्याच बी.डी.डी. चाळींच्या जागी म्हाडा टॉवर बांधतंय. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतीत ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. १६० चे ५०० झाले, संडास घरात आला. कुणाला आनंद होणार नाही? ज्याने पहाटे चार वाजता बादली घेऊन रांग लावली नाही त्यानेच "चाळीची मजा गेली" असं म्हणावं.

भाडं गोठलं, भिंती थकल्या

आपली जुनी चाळ खासगी मालकाची होती. तिचं मरण हळूहळू झालं. लढाईच्या काळात भाडी वाढू नयेत म्हणून नियंत्रण आलं आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती १९४० च्या पातळीवर गोठली. कामगाराला आधार मिळाला, हे खरं. पण आमच्या खोलीचं भाडं १९७५ मध्येही साडेसात रुपये होतं. चौसष्ट खोल्यांचे महिन्याला पाचशेच्या आत. त्यात मालक गिलावा काय करणार आणि वासे काय बदलणार? मग पागडी आली. कागदावर नसलेला व्यवहार, पण सगळ्यांना माहीत असलेला. मालकाला खोली विकता येत नव्हती, भाडेकरूला सोडवत नव्हती. अशी दोघांची अडकलेली अवस्था पन्नास वर्षं चालली.

पावसाळ्यात इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ चा कायदा आला आणि दुरुस्ती मंडळ झालं. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. त्यावरून "सेस इमारत" हा शब्द आपल्या बोलण्यात आला. त्या वेळी शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या त्या "अ" वर्गातल्या. आपली चाळ "अ" वर्गात होती. मंडळाने दोनदा टेकू लावले. तिसऱ्या खेपेला इंजिनिअरच म्हणाला, "आता टेकूलाच टेकू लावायची वेळ आलीय."

मधल्या काळात गिरणगावच हललं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. माझे वडील त्यातलेच. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी एक वाटणी होती. एक भाग महापालिकेला, एक भाग सार्वजनिक घरांना, एक भाग मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने तो बदल कायम ठेवला. त्यानंतर आपल्या डोळ्यांदेखत काय उभं राहिलं ते सांगायला नको. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मॉलमध्ये एसी चालतो.

आपली गोष्ट

त्याच १९९१ च्या नियमावलीत ३३(७) कलम होतं. सेस इमारतीतल्या भाडेकरूंना नवी घरं फुकट द्यायची आणि बदल्यात विकासकाला जादा एफ.एस.आय. मिळायचा. त्या वेळी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची. आपल्या चाळीत १९९३ मध्ये पहिली मीटिंग झाली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कंदील लावून, कारण दिवे गेले होते. १२० फुटांच्या खोलीच्या जागी २२५ फूट, मालकी हक्काने. त्या रात्री कुणाला झोप आली नाही.

१९९४ मध्ये खोल्या खाली केल्या. अडीच वर्षांत परत, असं सांगितलं होतं. आपण परत आलो २००० च्या दिवाळीत. सहा वर्षं. या सहा वर्षांबद्दल आपल्या नव्या पिढीला कुणी फारसं सांगत नाही, म्हणून लिहितो. ट्रान्झिट कॅम्पमध्ये पत्र्याच्या खोल्या होत्या. पोरांच्या शाळा इकडे आणि घर तिकडे, दोन बस बदलून. विकासकाचं काम मध्येच थांबलं आणि सतरा महिने साइटवर एक माणूस नव्हता. आपल्या चौसष्ट कुटुंबांपैकी नऊ जणांनी कंटाळून हक्क विकला आणि विरार-बदलापूरला गेले. माझी आई कॅम्पातच वारली. शेवटच्या महिन्यात रोज विचारायची, "कितवा मजला घालतायत?" मी खोटं सांगायचो. म्हणायचो, पाचवा. जमिनीवर तेव्हा फक्त सळया होत्या.

परत आल्यावरही सगळं सुरळीत नव्हतं. ओ.सी. मिळायला आणखी सहा वर्षं लागली, तोपर्यंत पाणीपट्टी जादा दराने भरली. पुढच्या सेलच्या इमारतीला दर्शनी बाजू आणि आपल्याला मागचं तोंड. सवलतीच्या नियमात दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी झालं की खालच्या तीन मजल्यांवर दिवसाही ट्यूब लावावी लागते. साडेसात रुपयांच्या भाड्याऐवजी मेंटेनन्स आला. पहिल्या दोन वर्षांत अकरा जणांची थकबाकी होती आणि लिफ्ट चार महिने बंद होती, हे जुन्या कमिटीला आठवत असेल.

तरीही विचारा कुणालाही, चाळ परत हवी का? एकही हात वर होणार नाही. घरात संडास आहे, दार लावून पोरं अभ्यास करतात, सून-सासूला स्वतःचा कोपरा आहे. आणि शेअर सर्टिफिकेटवर आपलं नाव आहे. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी काढली. ती शिकलेल्या, नोकरदार लोकांची होती. गिरणी कामगाराची पोरं सोसायटीचे सभासद व्हायला त्यानंतर ऐंशीपेक्षा जास्त वर्षं जावी लागली. २००१ मध्ये आपली सोसायटी रजिस्टर झाली, त्या दिवशी वडिलांनी रजिस्ट्रेशनचा कागद देवासमोर ठेवला होता. ते आयुष्यभर कुणाचे तरी भाडेकरू होते.

सहीनंतर

आता त्या सहीकडे येतो. हरकतीच्या पत्रावर सह्या घ्यायला मी स्वतः मजल्यामजल्यावर फिरलो होतो. खाली उतरताना गल्लीत मागच्या चाळीतला एक मुलगा भेटला. तिशीतला असेल. त्याचे आजोबा माझ्या वडिलांबरोबर एकाच खात्यात, साच्यावर. त्याने कागद बघितला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "काका, तुमची चाळ पाडली तेव्हा आमच्या दोन्ही खिडक्यांचा उजेड गेला. आजोबांनी तेव्हा काही पत्र दिलं होतं का?"

दिलं नव्हतं. उलट आमचं सामान टेम्पोत चढवायला त्याच चाळीतली मंडळी आली होती. कॅम्पातून आम्ही गणपतीला यायचो तेव्हा पाच दिवस उतरायचो ते त्यांच्याच खोल्यांत. १२० फुटांत चौदा माणसं.

मी घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

आपल्या हरकती खोट्या नाहीत. ४४ मजले आले की उजेड जाणारच. पण मागच्या चाळीच्या जिन्याची अवस्था बघा. लाकडी पायऱ्या, एका बाजूचा कठडा गेलेला. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. तीही पुनर्विकासाच्या योजनेतलीच इमारत होती. वाट बघणं हा मुंबईत धोका आहे. आपण ज्याला "थोडं थांबू द्या" म्हणतो ते थांबणं त्यांना त्या जिन्यावर करावं लागतं.

इतके उंच मजले कशाला, असंही आपल्यात विचारतात. त्याचं उत्तर नियमातच आहे. आता प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट द्यावे लागतात. ते फुकट देऊन, ट्रान्झिटचं भाडं भरून, वर फायदा काढायचा तर विकायला घरं लागतात, आणि जमीन तेवढीच. म्हणून मजले आकाशात जातात. पुनर्वसनाचा खर्च वरच्या मजल्यांनी भरायचा, हीच या योजनेची चावी. आपलीही इमारत याच चावीने उघडली. फक्त आपल्या वेळी मजले कमी होते.

मग काय करायचं?

इतिहास लिहायला सांगितला आणि काका उपदेश करायला लागले, असं वाटेल. पण २५ वर्षांचा अनुभव कपाटात ठेवून काय उपयोग? माझं म्हणणं दोन भागांत आहे.

पहिला भाग आपल्यासाठी. "टॉवर नको" हे पत्र मागे घ्यावं आणि त्याऐवजी नेमक्या मागण्यांचं पत्र द्यावं. काम सुरू होण्याआधी आपल्या इमारतीची स्ट्रक्चरल पाहणी आणि भेगांचे फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. पाया खणताना आपल्या बाजूला आधाराची भिंत. रात्रीचं काम बंद. गल्लीतून अग्निशमन दलाची गाडी आत वळेल एवढा रस्ता मोकळा. दोन इमारतींमध्ये नियमात बसेल तेवढं नव्हे तर खरंच वारा खेळेल एवढं अंतर. पाण्याची लाइन नव्याने मोठी. या गोष्टी मागायचा आपल्याला हक्क आहे, आणि नुसत्या विरोधापेक्षा त्या मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरा भाग मागच्या चाळीसाठी. त्यांची कमिटी नवीन आहे, तरुण आहे. आता ७० टक्क्यांऐवजी ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे घाई होण्याचा धोका वाढला. त्यांच्याबरोबर बसून आपण काय चुकलो ते सांगायला हवं. प्रत्येकाचा वेगळा, रजिस्टर केलेला करार हवा. आपला सगळ्यांचा मिळून एक होता, आणि कोर्टात जायची वेळ आली तेव्हा त्याचं महत्त्व कळलं. ट्रान्झिटचं भाडं आगाऊ हवं आणि बँक गॅरंटी हवी. गोरेगावच्या पत्रा चाळीतली ६७२ कुटुंबं २००८ नंतर बाहेर पडली आणि दहा वर्षांहून जास्त काळ घराची वाट बघत राहिली, हे सगळ्या मुंबईने पाहिलं. क्षेत्रफळ कार्पेट लिहून घ्यावं. पुनर्वसनाची इमारत आधी आणि सेलची नंतर, हे करारात हवं. ओ.सी.शिवाय चावी घेऊ नये.

आणि कॉर्पस. ४४ मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर, आगीची यंत्रणा यांचा खर्च आपल्या आठ मजल्यांपेक्षा किती तरी मोठा. घर फुकट मिळतं पण त्यात राहणं फुकट नसतं. कॉर्पसचं व्याज मेंटेनन्सला पुरलं नाही तर पाच-दहा वर्षांत जुना भाडेकरू घर विकून लांब जातो आणि कागदावरचं पुनर्वसन कागदावरच राहतं. आपले नऊ जण कॅम्पात गेले. त्यानंतरच्या २५ वर्षांत आणखी तेरा गेले. चौसष्टपैकी बावीस. रौप्य महोत्सवाच्या आमंत्रणांची यादी करताना मी ही नावं मोजली. त्यातल्या सोळा घरांचे पत्ते मिळाले. कार्यक्रमाला त्यांना बोलवायचं समितीने मान्य केलंय, याबद्दल समितीचे मनापासून आभार.

माझी सही मी मागे घेत आहे. तसं पत्र ११ तारखेला सेक्रेटरींकडे दिलं आहे. कुणावर जबरदस्ती नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय परत घ्यावा, एवढी विनंती. मागच्या चाळीतल्या त्या मुलाला मी आपल्या १९९३ च्या मीटिंगची वही वाचायला दिली आहे. वडिलांच्या अक्षरातली. कोण काय म्हणालं, विकासकाने काय कबूल केलं, सगळं तारखेसकट आहे. परवा तो वही परत द्यायला आला तेव्हा त्याने शेवटच्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या प्रश्नांची यादी केली होती. सत्तावीस प्रश्न. त्यातल्या एकोणीसची उत्तरं मला देता आली. उरलेल्या आठांसाठी आपल्यातले जे वकील, इंजिनिअर, बँकेतले सभासद आहेत त्यांनी एक रविवार द्यावा. जागा आपलं सोसायटी ऑफिस. चहा माझ्याकडून.